दर्यात रस्ते असतात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी फुलंब्रीचा. आमच्या गावाहून मुंबईचा समुद्र साडेतीनशे किलोमीटर दूर. पाऊस झाला तर तालुक्यातल्या गिरजा नदीला पाणी, नाही झाला तर टँकर. पाण्याशी आमचा संबंध एवढाच. तरीही कवितेत मी दर्या भरपूर वापरला. दर्या, तुफान, किनारा, नाखुदा हे शब्द गझल लिहिणाऱ्याला फुकट मिळतात. उर्दूत दर्या म्हणजे नदी आणि मराठीत समुद्र, हेसुद्धा मला बरीच वर्षे खटकले नव्हते. नाखुदा हा फारसी शब्द कोळीवाड्यात जाऊन नाखवा झाला, हे कळले तेव्हा मात्र मजा वाटली. पण नाखव्याला रात्री नेमके काय काम असते, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. ते कसे कळले, ते आज सांगायचे आहे.

माझी धाकटी बहीण लवकर विधवा झाली. शिलाई मशीनवर तिने एकुलता मुलगा वाढवला. हा माझा भाचा आयटीआय करून वेल्डर झाला आणि एका ठेकेदारामार्फत समुद्रातल्या तेलक्षेत्रात कामाला लागला. महिनाभर पाण्यात, मग काही दिवस घरी. सुट्टीत गावी झोपा काढण्याऐवजी त्याला मुंबईत नवा नाद लागला, शिडाची बोट चालवण्याचा. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याला शिकवत होते. एका डिसेंबरात त्याने आईला सांगून टाकले की चौतीस फुटांची एक यॉट मुंबईहून गोव्याला पोचवायची आहे, माणसे तीन, त्यातला एक मी.

बहीण दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन माझ्या ओसरीवर हजर. आमच्या घरात बोली दखनी. ती म्हणाली, ‘‘भाई, तुम पढेलिखे हैं. तुम देखो. दर्यामें रस्ते रहते क्या?’’

माझे शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. पण तिचा प्रश्न भाबडा नव्हता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा हा मुलगा एका तेल प्लॅटफॉर्मवर होता. त्याच वादळात ‘पी-३०५’ हा २६१ माणसांचा बार्ज नांगर तुटून भरकटला, एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि १७ मे रोजी बुडाला. ७०च्या आसपास माणसे गेली. आमचा मुलगा सुखरूप होता, पण ते आम्हाला तीन दिवसांनी कळले. ते तीन दिवस बहिणीने फोन पदराला बांधून काढले. आता तोच मुलगा नोकरी नसताना, हौसेने, त्याच पाण्यात जायचे म्हणत होता. हो म्हणायचे की नाही, हे तिने माझ्यावर सोपवले. मी भाच्याला म्हणालो, ‘‘काय बेत आहे तो मला नीट समजाव. मला समजला, तरच मी तुझ्या अम्मीला समजावीन.’’

त्याने पिशवीतून गुंडाळी काढली आणि ओसरीवर समुद्राचा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर मी शब्दकोश आणि पितळी गडू ठेवले. आपल्या नेहमीच्या नकाशात जमीन भरलेली असते आणि समुद्र कोरा. इथे उलटे. जमीन जवळजवळ कोरी आणि पाणी आकड्यांनी गच्च. प्रत्येक आकडा म्हणजे तिथली खोली. असे नकाशे आपल्या देशात डेहराडूनला, नौदलाच्या जलसर्वेक्षण कार्यालयात तयार होतात. समुद्राचा कागद हिमालयाच्या पायथ्याशी बनतो, हे ऐकून फुलंब्रीच्या माणसालाही थोडा धीर आला.

नकाशावर दोन रेघा होत्या, एक लाल आणि एक निळी. मुंबई ते गोवा हे अंतर सुमारे २१० सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. बोटीचा सरासरी वेग ताशी पाच मैल धरला तर बेचाळीस तास, म्हणजे दोन रात्री. निळी रेघ किनाऱ्यापासून बारा-पंधरा मैलांवरून जात होती. लाल रेघ मुंबईतून निघून नैर्ऋत्येला वळत होती आणि बाहेरून, मोकळ्या समुद्रातून गोव्याकडे उतरत होती.

‘‘बाहेरची वाट मोकळी, मग भांडण कसले?’’ मी विचारले.

तेव्हा त्याने समुद्राचे पट्टे दाखवले. किनाऱ्यालगत खडक आणि उथळ पाणी. त्याच्या बाहेर मच्छीमारांचा पट्टा. रात्री शेकडो बोटी आणि काही ठिकाणी मैलोन्मैल सोडलेली जाळी. जाळे पंख्यात किंवा सुकाणूत अडकले की बोट जागच्या जागी उभी. त्याच्याही बाहेर मोठ्या जहाजांची ये-जा. आणि मुंबईच्या बाजूला या सगळ्यात घुसलेले तेलक्षेत्र. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, त्याला आपण बॉम्बे हाय म्हणायला लागलो. पण आता ते एकच ठिकाण राहिलेले नाही. वसई, पन्ना, मुक्ता, नीलम, हीरा अशी क्षेत्रे वाढत गेली. हीरा तर मुंबईच्या नैर्ऋत्येला ७० किलोमीटरच्या आसपास. लाल रेघ तिथूनच जात होती. तेव्हा मी काही बोललो नाही, पण मनात नोंद केली.

प्लॅटफॉर्म म्हणजे पाण्यात उभा केलेला लोखंडी मजला. त्याच्याभोवती ५०० मीटरचे सुरक्षा वर्तुळ असते. परवानगीशिवाय आत जायचे नाही. रात्री प्लॅटफॉर्मवर पांढरा दिवा लुकलुकतो, त्याची एक ठरलेली लय आहे. दोनदा छोटा, एकदा लांब, आणि दर पंधरा सेकंदांनी पुन्हा तेच. मोर्सच्या लिपीत हे ‘यू’ अक्षर, आणि जहाजांच्या संकेतात त्याचा अर्थ, तुम्ही संकटाकडे चालला आहात. भाच्याने हे गडूवर बोटांनी वाजवून दाखवले. मी म्हणालो, लघु, लघु, गुरू. अरे, हा तर सगण! आयुष्यभर वृत्ते घोकली, पण एखादा गण माणसाचा जीव वाचवायला दर पंधरा सेकंदांनी म्हटला जातो, हे मला माहीत नव्हते.

मग ते वर्तुळ टाळले की झाले? तेवढ्याने भागत नाही. तेलक्षेत्रात माल आणि माणसे नेणाऱ्या बोटी अहोरात्र धावतात. नांगरून ठेवलेले बार्ज असतात, बिनदिव्याचे बोये असतात. सर्वेक्षणाचे जहाज असेल तर त्याच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबली पाण्यातून ओढल्या जात असतात. खाली नळ अंथरलेले, म्हणून इंजिन बंद पडले तरी नांगर टाकायची सोय नाही. आणि काही रिग चालत्या-फिरत्या. काम संपले की पाय वर घेऊन दुसरीकडे जाऊन उभ्या राहतात. छापील नकाशा त्यामुळे कायम थोडा शिळा. निघण्यापूर्वी समुद्रावरच्या ताज्या सूचना वाचून त्या पेन्सिलीने नकाशावर उतरवायच्या, हा बेताचा पहिला भाग. तलाठ्याकडच्या उताऱ्यावर फेरफार चढवतात तसे.

प्लॅटफॉर्मला धडक म्हणजे काय, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतीचे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला लागले. जहाजावरचा एक आचारी जखमी झाला होता, त्याला उपचारासाठी वर चढवायचे होते. लाटांमध्ये जहाज सरकले आणि वायू वाहून आणणाऱ्या उभ्या नळाला धक्का बसला. आग भडकली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. २२ माणसे गेली. ते जहाज त्याच कामासाठी बनवलेले होते, चालवणारेही सराईत होते. शिडाच्या बोटीने प्लॅटफॉर्म जळणार नाही, पण वारा पडला आणि इंजिन रुसले तर बोट त्या खांबांवर जाऊन आपटेल.

आता मोठी जहाजे. न्हावा शेव्याला येणारे कंटेनर जहाज तीनशे मीटर लांब असू शकते. बोटीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर; त्याचे क्षितिज जेमतेम तीन मैल. जहाज उंच, म्हणून ते त्याआधी दिसते, पण हिवाळ्यात मुंबईबाहेर धुरकट असते. समजा, सहा मैलांवर दिसले. त्याचा वेग अठरा, तुमचा पाच, आणि दोघे समोरासमोर. सोळा मिनिटांत भेट! चहा ठेवून, गाळून, प्यायला लागतात तेवढी. तिकडे जहाजाच्या कप्तानाला नाकापुढचे पाचशे मीटरपर्यंतचे पाणी दिसलेच पाहिजे असे नाही, कायदा तेवढी सूट देतो. तुम्ही दिसलात तरी त्या धुडाला थांबायला काही किलोमीटर लागतात.

जहाज आपल्यावर येते आहे की बाजूने जाणार, हे ओळखायचे कसे? भाचा म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही मोटारसायकलवर शेताच्या रस्त्याने जळगाव रोडला येता ना? उजवीकडून ट्रक येतोय. ट्रक तुमच्या उजव्या आरशापासून पुढे सरकत गेला, तर तो आधी जाईल. मागे पडत गेला, तर तुम्ही आधी जाल. आणि आरशाच्या कडेला चिकटूनच राहिला, नुसता मोठा मोठा होत गेला तर?’’ मी म्हणालो, ‘‘तर ब्रेक.’’ समुद्रात हाच नियम आहे. होकायंत्राने जहाजाची दिशा घ्यायची, दोन-तीन मिनिटांनी परत घ्यायची. दिशा बदलत नसेल आणि जहाज जवळ येत असेल, तर टक्कर ठरलेली. रात्री दिवे सांगतात. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा. दोन्ही एकदम दिसले, तर ते सरळ तुमच्याकडे तोंड करून आहे.

शिडाच्या बोटीला इंजिनाच्या जहाजाने वाट द्यावी, हे मी कुठेतरी वाचले होते. मी ते ठसक्यात सांगितले. भाचा हसला. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते आहे, पण मोकळ्या पाण्यासाठी. बंदराच्या अरुंद वाटेत आणि जहाजांसाठी आखून दिलेल्या मार्गात छोट्या बोटीने मोठ्याला अडवायचे नाही. असा मार्ग ओलांडायचाच तर काटकोनात, तिरके रेंगाळत नाही. मासेमारी करणाऱ्या बोटीला शिडाच्या बोटीनेही वाट द्यायची. आणि शीड उभारलेले असले तरी इंजिन चालू केले की तुमचा मान गेला, तुम्हीही इंजिनवाले. त्याच्या शिक्षकांचे म्हणणे, हक्क कागदावर असू द्या, वळायचे आपण. लवकर वळायचे आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल एवढे वळायचे. मैलभराच्या आत कुणाला येऊ द्यायचे नाही.

यंत्रेही आहेत. एआयएस नावाच्या यंत्रात जवळच्या जहाजाचे नाव, वेग आणि ते किती जवळून, किती मिनिटांनी जाणार ते उमटते. पण ज्याच्याकडे ते यंत्र नाही किंवा बंद आहे, तो त्यात दिसत नाही, आणि छोट्या होड्यांचा भरवसा नाही. फायबरची बोट रडारला धड दिसत नाही, म्हणून डोलकाठीवर पत्र्याच्या कोनांचा एक कंदील टांगतात. पडद्यावरच्या नकाशाचाही एक धोका आहे. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली एक महागडी बोट हिंदी महासागरात मॉरिशसच्या उत्तरेकडच्या प्रवाळ खडकांवर जाऊन आदळली. पडद्यावर नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला नव्हता, म्हणून खडक दिसलेच नाहीत. माणसे वाचली. ओसरीवरच्या कागदाचा मान तेव्हापासून माझ्या मनात वाढला.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. मला वाटले होते, बेत निघण्यापासून सुरू होत असेल. तो पोचण्यापासून सुरू होतो. अनोळखी बंदरात रात्री शिरायचे नाही. म्हणजे गोव्याला, आग्वादच्या समोर, सकाळी सातला. तिथून बेचाळीस तास मागे मोजा. मुंबई सोडायची दुपारी एकला. मुंबईच्या बंदरातून ओहोटीच्या ओढीबरोबर बाहेर पडावे, म्हणजे भरती बाराच्या सुमारास संपायला हवी. अशी भरती कधी? इथे मला प्रथमच काहीतरी येत होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या. अमावास्येला अंधार, म्हणून पौर्णिमा. आमच्या हिजरी महिन्यानेही हिशोब जमतो, एखाद्या दिवसाचा फरक धरायचा. ईदचा चाँद बघणाऱ्याला भरती-ओहोटी परकी नाही, हे बहिणीला सांगताना मला भलताच अभिमान वाटला.

महिना वाऱ्याने ठरतो. पावसाळ्यात प्रश्नच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारी वायव्येकडून खारा वारा, दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीशी घेणारा. रात्री जमिनीवरून मतलई वारा. आता मोजा. दुपारी एकला निघालो की संध्याकाळी सहाला पंचवीस मैल. खांदेरीचा दिवा मागे पडलेला, बंदराची सर्वांत वर्दळीची जागा उजेडात पार. मध्यरात्री बाणकोट-हरिहरेश्वर, उजाडताना जयगडच्या अलीकडे, दुसऱ्या संध्याकाळी विजयदुर्ग, मध्यरात्री मालवण, आणि वेंगुर्ल्याच्या खडकांचे दिवे पहाटे दोनला, पुरेसे लांबून. तीन माणसांत पाळ्या तीन तासांच्या. सहा तास झोप मिळेल असे कागदावर. वर्दळ दिसली की दोघे जागे.

सगळे ऐकून मी विचारले, ‘‘मग ही लाल रेघ कुणाची?’’

तो गप्प बसला. रेघ त्याचीच होती. शिक्षकांनी निळी आखली होती. हीराजवळच्या ज्या प्लॅटफॉर्मवर त्याने वादळाच्या त्या रात्री काढल्या, तो त्याला एकदा बाहेरून पाहायचा होता. हेलिकॉप्टरमधून नाही, बोटीतून, पाण्याच्या पातळीवरून. ‘‘दोन मैल लांबून, मामू. आत जाणार नाही.’’ त्या आडवाटेने आठ-दहा तास वाढत होते, पहिलीच रात्र पुरवठा बोटींच्या गर्दीत जात होती, पौर्णिमेचा सगळा हिशोब मोडत होता. हे त्यालाही कळत होते. शिक्षकांनी एका वाक्यात नकार दिला होता, तरी रेघ पुसलेली नव्हती. मी रागावणार होतो. पण बहीण चहा घेऊन आली होती आणि तिने ऐकले होते. ती म्हणाली, ‘‘जाने का शौक नहीं है इसे. वो रात को देखने जा रहा है.’’ आणि कप ठेवून आत गेली.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती, ती तिने मला एकटीला गाठून विचारली. २००८ च्या नोव्हेंबरात ते दहाजण समुद्रातूनच आले. आता अनोळखी छोटी बोट दिसली की विचारपूस होते. याचे नाव ऐकून काही जास्त होईल का? मी तिला खोटा दिलासा दिला नाही. बोटीचे कागद, तिघांची ओळखपत्रे, निघण्याआधी बंदराला आणि तटरक्षक दलाला कळवणे, रेडिओवर सोळा नंबरच्या वाहिनीवर कान ठेवणे आणि विचारले की शांतपणे उत्तर देणे, हे सगळे तिघांनाही सारखेच आहे. विचारपूस करणाऱ्याचे ते काम आहे. अडचणीत तेच लोक धावून येतात. १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर मी तिला भिंतीवर लिहून दिला. तो अजून आहे, दूधवाल्याच्या नंबराखाली.

मी हो म्हणालो, पण निळ्या रेघेला. पहिली पौर्णिमा फुकट गेली. आदल्या दिवशी अंदाज बदलला, वारा दक्षिणेचा सांगितला आणि शिक्षकांनी बेत रद्द केला. भाच्याची सुट्टी वाया गेली, तो चिडला. माझा मात्र त्या न पाहिलेल्या गृहस्थांवर विश्वास बसला. पुढच्या पौर्णिमेला ते निघाले.

त्या दोन रात्री बहीण माझ्याकडेच होती. चंद्र ओसरीवर आला की ती विचारायची, आता कुठे असेल? मी घड्याळ बघून सांगायचो, बाणकोट. मग, जयगड. मोबाइल कधी लागे, कधी नाही. तिसऱ्या दिवशी सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला फोन आला. विजयदुर्गापुढे सुकाणूत जाळे अडकले होते, ते कापून सोडवायला अडीच तास गेले. त्या कोळ्यांना जाळ्याचे पैसे देऊन आले. पहिल्या रात्री एक जहाज आले होते. ‘‘आरशाच्या कडेला चिकटलेलं, मामू. आम्ही वळलो.’’ एवढेच बोलला आणि फोन आईला द्या म्हणाला.

नकाशा तो माझ्याकडे ठेवून गेला आहे. परवा बहीण कपाट आवरत होती, तिने तो उलगडून पाहिला. लाल रेघेवर बोट ठेवून तिने विचारले, ‘‘भाई, दिवसा गेला तर तो दिवा दिसतो का?’’ दिवसा प्लॅटफॉर्मच दिसतो, मी म्हणालो. तिने कॅलेंडर काढले आणि फेब्रुवारीची पौर्णिमा कधी आहे ते बघू लागली.